हा ओरखडा, तो ग्लास

सकाळी ७:१०

मुलीचा डबा, माझा डबा, कॉफी. न्यू जर्सीतलं एडिसन हे गाव आपल्या लोकांना ओक ट्री रोडमुळे माहीत असतं: साड्या, सोनं, डोसे आणि दिवाळीत पार्किंगसाठी मारामारी. पण १८७७ साली थॉमस एडिसनने पहिला फोनोग्राफ जिथे बोलता केला ते मेन्लो पार्क आज याच गावाच्या हद्दीत येतं. तिथेच राहून मी जुन्या रेकॉर्डी वाजवून पोट भरते, याचं मला अजून मधूनमधून हसू येतं. काम सांगायला सोपं आहे. कुणाच्या घरच्या, कुठल्या ग्रंथालयाच्या तबकड्या येतात. त्यांच्यावरचा आवाज संगणकात उतरवायचा, नोंदी करायच्या आणि तबकडी आली तशी परत पाठवायची.

८:०५

वर्कशॉप म्हणजे एका गोदामाची मागची खोली. खिडकी नाही, पण त्याचं दुःखही नाही, कारण बाहेर मालट्रकांचा तळ आहे. आल्याआल्या अँप्लिफायर चालू करून तापू द्यायचा, टर्नटेबलवर पट्ट्यांची चकती ठेवून वेग तपासायचा. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे. यात उणंअधिक झालं तर गाण्याची पट्टीच हलते.

आजची पेटी काकांची आहे. नात्यातले नव्हेत, पण महाराष्ट्र मंडळात सगळेच त्यांना काका म्हणतात. मुंबईत एमबीबीएस होऊन सत्तरच्या दशकात इकडे आले, मॅनहॅटनमध्ये ७७व्या रस्त्यावरच्या रुग्णालयात रेसिडेंट डॉक्टर होते. तिथून कोपऱ्यावर वळलं की मॅडिसन अव्हेन्यू आणि ७६वा रस्ता, आणि तिथे कार्लाइल हॉटेल. त्याच्या तळमजल्यावरच्या कॅफेत बॉबी शॉर्ट नावाचा माणूस पियानोवर बसून गायचा. काका रात्री पाळी संपवून त्या दारावरून जायचे. आत जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी रेकॉर्डी घेतल्या. त्याच आता पेटीतून माझ्याकडे आल्यात, नातवंडांसाठी. वर मराठीत चिठ्ठी: ‘आवाज अगदी स्वच्छ करून दे. खरखर, टिकटिक काही नको.’

८:३०

धुणं. हे दाखवायला गेलं तर लोकांना कंटाळा येतो आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात नावापुरता साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. मग यंत्राची सोंड तबकडीवर टेकवायची, ती पाण्यासकट सगळा मळ ओढून घेते. काकांच्या रेकॉर्डींवर चाळीस-पन्नास वर्षांची धूळ आहेच, शिवाय एकीवर बोटाचा ठसा इतका स्पष्ट होता की पोलिसांना चालला असता. तो पुसताना जरा जिवावर आलं.

९:१५

पहिली तबकडी ‘साँग्स बाय बॉबी शॉर्ट’, अटलांटिक कंपनी, १९५५. स्टिरिओ एलपी बाजारात यायला अजून दोन-तीन वर्षं अवकाश होता, म्हणजे ही मोनो. मोनोच्या खाचेसाठी जाड टोकाची सुई लावायची, पंचवीस मायक्रॉनची. स्टिरिओची बारीक सुई या खाचेत खोल उतरते आणि तळाचा कचरा वाजवत बसते.

रेकॉर्ड निघाली तेव्हा बॉबी तिशीत होता, पण धंद्यात येऊन वीस वर्षं झालेली. जन्म १९२४चा, इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावचा. आई लोकांच्या घरी काम करायची. महामंदीच्या दिवसांत नऊ-दहा वर्षांचा हा पोरगा रस्त्याकडेच्या गुत्त्यांत पियानो वाजवून चार पैसे घरी आणू लागला. दलालांनी त्याला हेरलं, पांढरा टेलकोट शिवून अंगावर चढवला आणि अकराव्या-बाराव्या वर्षी शिकागो, मग न्यूयॉर्कला नेलं. पुढे तो गावी परतला, शाळा पुरी केली आणि मग पुन्हा बाहेर पडला: लॉस एंजेलिसचा कॅफे गाला, पॅरिस, लंडन. लहानपणाची ही हकिकत त्याने ‘ब्लॅक अँड व्हाइट बेबी’ या १९७१च्या आत्मचरित्रात लिहिली आहे. बालकलाकारांच्या आठवणींत एरवी जो आत्मकरुणेचा पाझर असतो तो त्यात नाही. बारा वर्षांच्या मुलाने रात्री दोनपर्यंत दारुड्यांपुढे वाजवणं हे तो नोकरीसारखं सांगतो.

आणि त्याची गायकी मला आधी कळते ती नोकरी म्हणूनच. इथे कॅबरे म्हणजे हेलनचा नाच नव्हे. लहान खोली, जेवणाची टेबलं, एका कोपऱ्यात पियानो आणि चार हातांवर बसलेले श्रोते. गाणाऱ्याने त्यांच्या गप्पांवरून, सुरीकाट्यांवरून शब्द पोचवायचा. अटलांटिकचा अहमेत एर्टेगुन हा तुर्की राजदूताचा मुलगा. रे चार्ल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या त्याच्या कंपनीने बॉबीच्याही एकामागून एक काढल्या. खपाचा आकडा बघून कुणी हे केलं असेल असं वाटत नाही.

एक बाजू वीस मिनिटांची असेल तर ती उतरवायला वीसच मिनिटं लागतात. यात घाई करताच येत नाही, मला या कामातलं हेच भावतं.

१०:५०

‘टाउन हॉल’. न्यूयॉर्कच्या ४३व्या रस्त्यावरचं हे सभागृह. तिथे १९६८ साली बॉबी आणि मेबल मर्सर यांची एकत्र मैफल झाली, तिची ही रेकॉर्ड. मेबल मर्सर इंग्लंडात जन्मलेली, पॅरिसच्या ब्रिकटॉप्स क्लबात गाजलेली. खुर्चीत बसून, जवळजवळ बोलल्यासारखं गाणारी. शब्द कसा सोडायचा हे तिच्याकडून शिकलो, असं फ्रँक सिनात्रासारख्यांनी सांगितलंय.

तबकडी छान अवस्थेत आहे. सभागृहातल्या टाळ्या, मग शांतता. इथे माझं काम निम्मं होतं: शांततेत जे टिकटिकलं ते तबकडीचं.

मला मात्र ही शांतता जरा परकी वाटते. दोघंही आयुष्यभर जेवणाऱ्यांपुढे गायले, आणि इथे अचानक सगळे हातांची घडी घालून ऐकतायत. बॉबी जरा जास्तच नीट गातो. हे माझं मत; मैफलीचं नाव झालं ते झालंच. साठच्या दशकात रॉकच्या लाटेत असले क्लब एकेक करून मिटत होते, बॉबीची कामं आटली होती, आणि या एका संध्याकाळने त्याचं नाव परत लोकांच्या तोंडी आणलं. त्याच वर्षी कार्लाइलचा नेहमीचा पियानोवादक, हंगेरीहून आलेला जॉर्ज फेयर, सुट्टीवर गेला. दोन आठवड्यांसाठी बदली म्हणून बॉबीला बोलावलं.

बदलीवर आलेला माणूस २००४च्या अखेरीपर्यंत तिथे होता.

१२:३०

डबा. मेथीचा पराठा, लोणचं. काकांचा फोन आला.

“काय गं, झालं का सुरू?”

“चाललंय काका. टाउन हॉलपर्यंत आलेय.”

“ते राहू दे. कार्लाइलवाली नीट कर. तिच्यात फार टिकटिक आहे.”

मग काकूंची गोष्ट, जी मी आधीही ऐकली आहे. स्वतःचा दवाखाना जरा स्थिरावला तेव्हा काका त्यांना त्या कॅफेत घेऊन गेले. काकू कांजीवरम नेसून, हे भाड्याच्या नव्हे तर विकत घेतलेल्या सुटात. पहिलं गाणं झाल्यावर काकू वाकून म्हणाल्या, “अहो, याचा घसा बसलाय. कुणीतरी आल्याचा रस द्या बिचाऱ्याला.”

काकूंचं चूक नव्हतं. बॉबीचा आवाज गोड कधीच नव्हता. वरच्या सुरांत तो फाटायचा, कंप जास्त होता आणि वयाबरोबर खर वाढत गेली.

१:१५

‘बॉबी शॉर्ट लव्ह्ज कोल पोर्टर’, १९७१, दोन तबकड्यांचा संच. यानंतर तसेच नोएल कॉवर्ड, गर्शविन आणि रॉजर्स-हार्ट यांच्या गाण्यांचे संच निघाले. त्याला खऱ्या अर्थाने घरोघरी नेणाऱ्या रेकॉर्डी याच. आणखी नेलं असेल तर रेव्हलॉनच्या ‘चार्ली’ अत्तराच्या जाहिरातीने. सत्तरच्या दशकात टीव्हीसमोर बसलेल्या कोट्यवधींनी त्याला तिथेच पियानोवर गाताना पाहिलं.

पोर्टरची गाजलेली गाणी तर कुणीही गायचं. बॉबी मात्र पडलेल्या नाटकांतली, प्रयोगाआधीच कापलेली गाणी जुन्या वह्यांतून शोधून आणायचा. मुखड्याआधीचा जो प्रास्ताविकाचा भाग बहुतेक गायक गाळतात तो अख्खा गायचा. पोर्टरची यमकं म्हणजे तिरकी बुद्धी, आणि ती कळायची तर प्रत्येक व्यंजन कानात टोचलं पाहिजे. बॉबीची सगळी ताकद तिथे होती. त्याचा ‘ट’, त्याचा ‘क’, ‘प’ नाण्यासारखे टेबलावर वाजतात.

आणि हीच माझी पंचाईत. टिकटिक काढणारं सॉफ्टवेअर काय बघतं? आवाज एकदम उसळला आणि मिलिसेकंदाच्या काही अंशात संपला की तो ओरखडा समजायचा, तेवढा तुकडा उडवायचा, आणि मागच्यापुढच्या आवाजावरून मधली जागा अंदाजाने भरायची. शांत सतारीच्या आलापावर हे उत्तम चालतं. पण बॉबीच्या तोंडातला ‘ट’ही तसाच उसळतो. पियानोवर त्याने मारलेला ठोकाही. सॉफ्टवेअरचा काटा थोडा पुढे सरकवला आणि ऐकलं: टिकटिक गेली, आणि बॉबी कवळी काढून गातोय असं वाटायला लागलं. काटा लगेच मागे घेतला. या संचाचं हातानेच करायचं, एकेक टिक बघून.

संचातली शेवटची बाजू थोडी घासलेली आहे. तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटीमीटरने सरकते, लेबलापाशी जेमतेम वीसने. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. त्यामुळे बाजूचं शेवटचं गाणं नेहमी जास्त खरखरतं, आणि त्यावर माझ्याकडेही इलाज नाही.

३:२०

‘लाइव्ह अॅट द कॅफे कार्लाइल’, १९७४. बेसवर बेव्हर्ली पियर, ड्रमवर रिचर्ड शेरिडन. पियर हा तरुणपणी चिक वेबच्या बँडमधला. एवढ्या अनुभवी माणसाने वर्षानुवर्षं बॉबीच्या पाठीशी उभं राहून मोजकंच वाजवलं.

खोली छोटी, नव्वदच्या आसपास माणसं बसतील एवढी. भिंतींवर मार्सेल व्हर्टेस या चित्रकाराची गुलाबी-निळसर चित्रं. वर्षातले काही महिने, रात्रीचे दोन खेळ, डिनर जॅकेट आणि बो-टाय. पहिल्या खेळाला नवीन आलेले, दुसऱ्याला मुरलेले. तो स्वतःला कलावंत-बिलावंत म्हणवत नसे, गुत्त्यातला गायक म्हणवायचा. पुढच्या आत्मचरित्राच्या नावातही तेच घातलंय. हॉटेल श्रीमंतांचं, समोर बसलेले बहुतेक गोरे, गाणीही पुष्कळशी गोऱ्यांच्या उच्चभ्रू विलासाची, आणि पियानोवर डॅनव्हिलचा काळा मुलगा. लोकांना खूश करायला तेवढं पुरलं असतं, पण तो त्याच बैठकीत ड्यूक एलिंग्टन, बिली स्ट्रेहॉर्न, फॅट्स वॉलर घालायचा, तेही तळटीप म्हणून नव्हे तर पोर्टरच्या शेजारी, बरोबरीने.

आता काकांची टिकटिक. पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. ओरखडा दिसतो उभ्या पातळ रेघेसारखा: खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत, आणि लगेच संपतो. आडवा ओरखडा असेल तर तो दर फेऱ्याला सुईखाली येतो, म्हणजे बरोबर १.८ सेकंदांनी. मी घड्याळ लावून बघते: टिक, १.८, टिक, १.८, टिक. हा तबकडीचा. काढला. असे पुष्कळ निघाले.

मग दोन गाण्यांच्या मधे, टाळ्या ओसरताना, एक वेगळी टिक. १.८ सेकंदांनी परत येत नाही. रेघेला वरच्या बाजूला दोन बारीक आडव्या शेपट्या आहेत, म्हणजे तो आवाज क्षणभर सुरात घुमला. धूळ घुमत नाही, काच घुमते.

पण नुसत्या शेपटीवर मी विश्वास ठेवत नाही. याला एकच खात्रीचा उपाय आहे: त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत. ओरखडा ज्याच्या-त्याच्या तबकडीचा असतो, पण त्या रात्री खोलीत जे वाजलं ते मास्टर टेपवर आहे, म्हणजे प्रत्येक प्रतीत असणार. एका संग्राहक मित्राकडून मागवलेली प्रत कपाटात होतीच. धुतली, लावली, तीच जागा काढली. दोन्ही लहरी एकाखाली एक ठेवल्या.

टिक दोन्हींत आहे. शेपट्यांसकट.

कुणीतरी रेकॉर्ड निघण्याआधी कधीतरी एका रात्री टेबलावर ग्लास ठेवला, आणि काका पन्नास वर्षं आपल्या रेकॉर्डला दोष देत आले.

पाऊण तास असाच गेला. ज्या टिका फक्त काकांच्या प्रतीत होत्या त्या गेल्या, दोन्हींत होत्या त्या राहिल्या. एके ठिकाणी दोन्हींत होती तरी वाटेना ग्लास आहे, शेपटीच नाही. साचाच बनवताना काही गेलं असेल, त्याच कारखान्यातून दोन्ही प्रती निघाल्या असतील. ती काढली. अशा वेळी कान म्हणेल ते.

५:४०

मुलीला क्लासवरून आणून घरी सोडलं, नवऱ्याने भात लावला, मी परत. मधल्या प्रवासात गाडीत सीडी: ‘लेट नाइट अॅट द कॅफे कार्लाइल’, १९९२, टेलार्क कंपनीची. क्लीव्हलंडची ही कंपनी डिजिटल ध्वनिमुद्रणात फार लवकर उतरली. सीडीला खाच नाही, सुई नाही. जे खुळखुळतं ते सगळं खोलीचं. कान शुद्ध करायला मी ही लावते. आवाज इथे खूपच फाटलाय आणि शब्द जागच्या जागी आहेत.

पेटीत अटलांटिकची १९८७ची एक आहे, अँडी रझाफच्या गाण्यांची. फॅट्स वॉलरच्या कितीतरी चालींवर शब्द याचे. वॉलर सगळ्यांना ठाऊक, रझाफ कुणालाच नाही. मादागास्करच्या शेवटच्या राणीचा हा नात्यातला. फ्रेंचांनी राज्य घेतलं आणि याचा जन्म वॉशिंग्टनला झाला. बॉबीने त्याच्यासाठी अख्खी रेकॉर्ड दिली. एलिंग्टनसाठी तर त्याने वर्षानुवर्षं पैसे जमवले, खेटे घातले, आणि १९९७मध्ये सेंट्रल पार्कच्या ईशान्य कोपऱ्यावर, ११०व्या रस्त्यावर, रॉबर्ट ग्रॅहमने केलेला पुतळा उभा राहिला. काकांच्या रेकॉर्डी लावताना मला हा बॉबी जास्त दिसतो: रात्री गाऊन दिवसा समितीच्या बैठकीला जाणारा.

आपल्याकडेही असा एक पियानोवाला येऊन गेला होता, टेडी वेदरफोर्ड. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला माणूस, तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये बँड घेऊन होता. ताजच्या त्या जॅझच्या दिवसांत आपले गोव्याचे वादक तयार झाले आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. वेदरफोर्ड १९४५ साली कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. त्याच्या कोलकात्यात भरलेल्या तबकड्या लाखेच्या, अठ्ठ्याहत्तर वेगाच्या, त्यांना आणखी जाड सुई लागते. तशी एक तबकडी माझ्याकडे आहे, विकायची नाही.

७:३०

नोंदी. कामाचा हा भाग कुणालाच दिसत नाही. प्रत्येक बाजूच्या दोन फायली: एक तबकडीवरून उतरली तशी, अजिबात हात न लावलेली, चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ, दुसरी ऐकण्यासाठी साफ केलेली. उद्या माझ्याहून चांगला कान किंवा चांगलं सॉफ्टवेअर आलं तर पहिलीवरून पुन्हा सुरुवात करता यावी. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर खरवडलेले आकडे भिंगातून बघून लिहायचे. सुई कुठली, वजन किती, वेग काय. ‘काढलेले आवाज’. ‘ठेवलेले आवाज’.

८:४५

काका स्वतःच आले, जावयाला गाडी चालवायला लावून. त्यांना धीर नव्हता. हेडफोन दिले, कार्लाइलची ती जागा लावली.

“हे बघ. हीच. राहिलीच की!”

“काका, ती तुमच्या रेकॉर्डची नाही. तिथली आहे.”

दोन्ही प्रती ऐकवल्या. पडद्यावरच्या शेपट्या दाखवल्या. डॉक्टर माणूस, ईसीजी वाचून आयुष्य गेलेलं. चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बघत राहिले.

“म्हणजे मी बाहेरून चालत जायचो तेव्हा आत हे असं चाललेलं असायचं.”

“हो.”

“ठेव मग. पण बाकीची काढलीस ना?”

“बाकीची काढली.”

जावई म्हणाला, पोरांना काय कळणार हा ग्लास आहे म्हणून, ती म्हणतील फाइल खराब आहे. मुद्दा बरोबर होता. मी नोंदीत वेळेसकट लिहिलं: ‘ग्लास, कॅफेतल्या टेबलावरचा, दोष नव्हे.’ काकांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

“ग्लास कशावरून? चमचा असेल. बशीवर चमचा ठेवला की अस्साच वाजतो.”

“काका, शेपटी बघा की—”

“मी तिथे जेवलोय. तू जेवलीयस?”

मी जेवले नव्हते. २००५च्या मार्चमध्ये बॉबी ऐंशीव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, तेव्हा मी या देशात नुकतीच आले होते. नोंद बदलली: ‘ग्लास किंवा चमचा.’ काकांनी मान डोलावली, बिल विचारलं, रक्कम ऐकून “एवढे?” म्हणाले आणि चेक लिहायला बसले. उद्या सकाळी नोएल कॉवर्डपासून पुढे.